ऑर्किडला फुटलेला नवा कोंब: मूळ, दांडा की पिल्लू, आणि त्याची निगा

रंकाळाकाठ

नमस्कार. आमच्या घरी पूर्वेकडच्या खिडकीत दोन ऑर्किड आहेत. एक फॅलेनॉप्सिस, जे गेल्या हिवाळ्यात फुलांसकट भेट म्हणून आले आणि एप्रिलमध्ये शेवटचे फूल गळाल्यापासून नुसत्या पानांवर उभे आहे. दुसरे जांभळ्या फुलांचे डेंड्रोबियम, नर्सरीतून आणलेले. मृगाचा पाऊस सुरू होऊन हवेत ओल आल्यापासून दोन्ही झाडांनी अंग धरले आहे. फॅलेनॉप्सिसच्या खोडावर दोन पानांच्या मधून एक हिरवे टोक बाहेर आले आहे, आणि डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यांच्या बुडाशी दोन टोकदार कोंब दिसत आहेत, पण त्या कोंबांना स्वतःचे एकही मूळ नाही.

फॅलेनॉप्सिसचे टोक फुलांच्या दांड्याचे असेल तर आनंदच आहे, पण ते नेमके काय आहे हे कसे ओळखावे? डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्या पानगळ होऊन उघड्या पडल्या आहेत, त्या कापल्यास नव्या कोंबांना अधिक बळ मिळेल का? या दिवसांत पाणी आणि खत किती द्यावे? कोल्हापुरात पुढचे तीन महिने हवा कशी असते हे आपण सर्व जाणता, त्यामुळे इथल्या अनुभवी मंडळींनी सांगितले तर अधिक उपयोग होईल.

कुंडीतली_हिरवाई

ताई, झाडांना नवी फूट येणे ही चांगली बातमी आहे. सविस्तर उत्तर इतर जाणकार देतीलच, तोपर्यंत एकच विनंती करते: जुना दांडा, जुन्या कांड्या किंवा बाहेर लोंबणारी मुळे, यांतले काहीही कापू नका. कापलेले परत जोडता येत नाही आणि वाट पाहिल्याने काही बिघडत नाही.

शक्य असल्यास त्या हिरव्या टोकाचे बारकाईने निरीक्षण करून लिहा. ते गोल आणि गुळगुळीत आहे की एका बाजूने चपटे आहे? टोकाच्या मागचा भाग हिरवाच आहे की चंदेरी? झाड कशात लावले आहे आणि कुंडीतली मुळे कशी दिसतात, हेही कळले पाहिजे.

रंकाळाकाठ

सकाळच्या उजेडात भिंग घेऊन पाहिले. टोक गोल आहे, त्याला किंचित तांबूस झाक आहे आणि तेल लावल्यासारखी चमक आहे. टोकाच्या मागे दोन-तीन मिलिमीटरचा भाग चंदेरी पांढरा दिसतो आणि हिरव्या व पांढऱ्या भागांमधली सीमा अगदी स्पष्ट आहे. झाड पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत असून ती कुंडी चिनी मातीच्या एका शोभेच्या भांड्यात ठेवलेली आहे. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) घट्ट दाबून भरला आहे. कडेची काही मुळे हिरवी व टणक आहेत, मधली मात्र तपकिरी दिसतात. पाच पाने आहेत. जुना दांडा अजून हिरवा आहे.

निवृत्त_वनस्पतीशिक्षिका

आपण केलेल्या वर्णनावरून ते मूळ आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. फुलांचा दांडा नाही म्हणून कृपया निराश होऊ नका. या घडीला आपल्या झाडाला सर्वांत जास्त गरज मुळाचीच होती.

ओळख कशी पटवायची ते सांगते. ऑर्किडच्या हवाई मुळावर मृत, पोकळ पेशींचे जाड आवरण असते. ते पाणी पटकन शोषून घेते, काही काळ धरून ठेवते आणि आतल्या नाजूक भागाचे उन्हापासून रक्षण करते. कोरडे असताना या आवरणात हवा भरलेली असते, म्हणून ते चंदेरी दिसते. ओले झाले की ते अर्धपारदर्शक होते आणि आतले हरितद्रव्य दिसू लागते, म्हणून मूळ हिरवे दिसते. अगदी टोकाशी हे आवरण अजून तयार झालेले नसते, तिथे जिवंत वाढ चालू असते, आणि म्हणूनच टोक चमकदार हिरवे किंवा तांबूस असते. हिरव्या टोकामागे चंदेरी भाग दिसला की ते मूळ समजावे. फुलाच्या दांड्याला हे आवरण कधीच नसते. दांड्याचे टोक एका बाजूला चपटे असते, त्यावर एकावर एक बसलेल्या खवल्यांच्या कडा दिसतात, आणि एक खवला दुसऱ्याच्या थोडा पुढे आलेला असतो. जागाही पाहावी. दांडा पानाच्या बेचक्यातून येतो, आणि शेंड्याकडून मोजल्यास तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानापाशी असतो. मूळ खोडावर कुठूनही फुटते आणि वाटेत पानाचे बूड आले तर ते फोडूनही बाहेर पडते. थोडे वाढल्यावर दांडा उजेडाकडे वळतो, मूळ मात्र खाली, आडवे, कोणत्याही दिशेला जाते. फारच लहान असताना दोन्हींत फरक कळत नाही, अशा वेळी दोन आठवडे थांबावे. तिसरी शक्यता पिल्लाची, म्हणजे मोठ्या झाडावरच फुटणाऱ्या छोट्या रोपाची. पिल्लात सुरुवातीपासूनच समोरासमोर दोन इवली पाने उलगडताना दिसतात.

आता आपल्या दोन झाडांतला मुख्य फरक. फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्याने वाढते. त्याचे खोड वर सरकत राहते, मधल्या गाभ्यातून वर्षाला साधारण दोन ते तीन पाने येतात, आणि खालचे एखादे पान पिवळे पडून गळते. तो एक शेंडा कुजला तर झाडाकडे दुसरा शेंडा तयार नसतो. बुडाशी पिल्लू फुटले तरच ते वाचते, म्हणून गाभ्याला जपावे लागते. डेंड्रोबियमची रीत वेगळी आहे. त्याचे मुख्य खोड मातीलगत आडवे सरकते आणि दर हंगामात जुन्या कांडीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यातून नवी कांडी वर येते. या नव्या कांडीला पहिले काही आठवडे स्वतःची मुळे नसतात आणि ती जुन्या कांडीत साठवलेल्या पाण्यावर व अन्नावर जगते. त्यामुळे पाने नसलेली जुनी कांडी निरुपयोगी आहे, असे समजू नये. जोवर ती हिरवट आणि टणक आहे तोवर ती नव्या कोंबाला पोसते आणि पुष्कळदा तिच्या शेंड्याकडून पुन्हा फुलेही येतात. पिवळी तपकिरी पडून आतून पोकळ झालेली कांडीच तेवढी काढावी.

ही फूट पावसाच्या तोंडावरच का आली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. दाजीपूर-राधानगरीच्या किंवा आंबा घाटाच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर ज्या आमरी (म्हणजे ऑर्किड) वाढतात, त्यांचे वर्ष पावसावर बेतलेले असते. तिथे डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही जात कोरड्या दिवसांत पाने टाकून देते, उघड्या कांड्यांवर पांढरी फुले आणते आणि पाऊस पडला की नवी कांडी वाढवते. आपल्या कुंडीतली संकरित रोपे त्या जंगलातली नाहीत, त्यांचे पूर्वज आग्नेय आशियाकडचे आणि ऑस्ट्रेलियाकडचे आहेत, पण दमट हवा आणि माफक उष्णता मिळताच वाढायचे ही सवय त्यांच्यातही आहे. जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे वाढीचा काळ आहे. या काळात जितकी मुळे आणि पाने होतील, तितकी फुले हिवाळ्यात येतील, एवढे ध्यानात ठेवावे.

पंचगंगा_शिवार

बाईंनी फार छान समजावून सांगितले आहे. मी मुळात ऊस करणारा शेतकरी आहे आणि घरच्या पडवीत काही डेंड्रोबियम सांभाळतो. बाईंचे म्हणणे उसाच्या भाषेत सांगायचे तर, लागणीनंतर डोळ्यातून आलेला कोंब पहिले काही दिवस बेण्याच्या कांडीवरच जगतो. त्या दिवसांत आपण शेतात पाणी तुंबू देत नाही, कारण बेणे कुजले की कोंबही जातो. डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाचेही तसेच आहे.

म्हणून माझ्याकडे नव्या कोंबाला मुळे सुटेपर्यंत मी पाण्याचा हात आखडता ठेवतो. जुन्या कांड्या सुरकुतू नयेत इतकेच पाणी देतो. कोंबाच्या बुडाशी पांढरे फुगवटे दिसू लागले आणि त्यांतून निघालेली मुळे दोन इंचांच्या आसपास झाली की मग मोकळ्या हाताने पाणी आणि खत सुरू करतो. आपल्याकडे आषाढात हवाच इतकी ओली असते की कोंबाला तहान लागत नाही.

खताविषयी सांगतो. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समान) हे विद्राव्य खत चालते, पण ते उसाच्या मापाने देऊ नये. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, आणि तेही झाड वाढत असतानाच, आठवड्यातून एकदा पुरे. देण्याआधी माध्यम, म्हणजे कुंडीत मुळांभोवती भरलेले साहित्य, साध्या पाण्याने ओले करून घ्यावे, कोरड्या मुळांवर खत पडले तर टोके जळतात. महिन्यातून एकदा खताऐवजी कॅल्शियम नायट्रेट त्याच प्रमाणात द्यावे. ही दोन खते एकाच बादलीत कालवू नयेत. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात, हे ठिबक वापरणाऱ्या कोणालाही माहीत असते.

शाहूपुरी_गच्ची

वरच्या सल्ल्यांशी मी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर थांबणे योग्य वाटत नाही. रंकाळाकाठ यांचे फॅलेनॉप्सिस घट्ट दाबलेल्या मॉसमध्ये आहे आणि मधली मुळे तपकिरी झाली आहेत. त्यात शोभेच्या भांड्याच्या तळाला पाणी साचत असणार. पावसाळ्यात असा मॉस आठ-आठ, दहा-दहा दिवस वाळत नाही. 'काही करू नका' असे म्हणून हे झाड सप्टेंबरपर्यंत तसेच ठेवले, तर उरलेली मुळेही जातील. माझ्या मते कुंडी आताच बदलावी.

कुंडीतली_हिरवाई

दादा, माझी विनंती निदान होईपर्यंत होती. आता चित्र स्पष्ट झाले आहे, आणि फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत तुमचे म्हणणे मला पटते. नवे मूळ नुकतेच डोके काढत असताना कुंडी बदलणे सर्वांत चांगले, कारण ते मूळ नव्या माध्यमात सरळ शिरते. तेच मूळ चार-पाच इंच वाढल्यावर आपण हाताळू लागलो, तर त्याचे टोक दुखावते. टोक दुखावलेले मूळ मरतेच असे नाही, त्याला मागून फाटाही फुटू शकतो, पण तोवर हंगामातले मोलाचे दिवस निघून जातात.

डेंड्रोबियमची कुंडी मात्र आज बदलू नये, असे माझे मत आहे. नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांचे फुगवटे दिसतील, तेव्हा बदलावी. आता बदलली तर जुनी मुळे दुखावतील आणि नवी अजून आलेली नाहीत, म्हणजे झाडाला पाणी घेण्याचे साधनच उरणार नाही.

फॅलेनॉप्सिस काढताना कुंडी अर्धा तास पाण्यात ठेवावी, म्हणजे मॉस मऊ होतो आणि मुळे न तुटता सुटतात. प्रत्येक मूळ दोन बोटांत हलके दाबून पाहावे. टणक असेल तर रंग कसाही असला तरी ठेवावे. दाबल्यावर साल सरकून आत नुसता दोरा लागला तर ते मेलेले आहे, ते कापावे. कात्री आधी ज्योतीवर तापवून घ्यावी, कारण रोगकारक जिवाणू आणि विषाणू हत्यारांवरूनही पसरतात. दालचिनीची पूड मुळांना चोळण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. ती पूड ओलावा ओढून घेते, त्यामुळे पानाच्या जखमेवर लावायला हरकत नाही, पण निरोगी मुळांवर पडली तर ती सुकतात.

नवे माध्यम म्हणून नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि लाकडी कोळसा सम प्रमाणात घ्यावा, पाइनची साल मिळाल्यास उत्तम. सोडणाचे तुकडे तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवावेत, त्यांतला तपकिरी रंग आणि क्षार निघून गेला पाहिजे. कुंडी मुळे जेमतेम मावतील एवढीच असावी. खोडावर वर फुटलेले ते नवे मूळ ओढूनताणून आत दाबू नये, त्याला जायचे असेल तिकडे जाऊ द्यावे. आणि झाड कुंडीत डुलत असेल तर एक काडी रोवून ते सैलसर बांधावे, कारण झाड हलले की नव्या मुळांची टोके तुकड्यांवर घासून खराब होतात. लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी देऊ नये, जखमा वाळू द्याव्यात.

कळंबा_वसाहत

माझाही एक प्रश्न याच अनुषंगाने आहे. आमच्या वसाहतीत बोअरचे पाणी येते आणि ते इतके जड आहे की कुंड्यांच्या कडेला पांढरे थर बसतात. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी आम्ही इतर झाडांना घालतो. ते ऑर्किडला चालेल का?

पंचगंगा_शिवार

ते पाणी ऑर्किडला मुळीच घालू नये. यंत्र पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून त्या सांडपाण्यातच सोडते, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहून अधिक खारे असते. मुळाच्या टोकावर संरक्षक आवरण नसल्यामुळे क्षारांचा पहिला मार त्या टोकालाच बसतो आणि ते काळे पडते. सोडणाचे माध्यम असेल तर क्षार त्यात साठतही जातात.

पावसाळ्यात पागोळीखाली बादली ठेवली तर पाण्याचा प्रश्नच मिटतो, पहिल्या एकदोन सरींचे छपरावरचे पाणी तेवढे सोडून द्यावे. इतर महिन्यांत बोअरचे आणि आरओचे गोड पाणी अर्धे अर्धे मिसळावे. नुसत्या आरओच्या गोड पाण्यावर झाड वाढवायचे असेल तर कॅल्शियम बाहेरून द्यावे लागते.

आंबा_घाट

वाढ सुरू झाली की खाणारेही येतात, त्याबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहितो. आषाढ-श्रावणात गोगलगाई आणि बिनशंखाच्या गोगलगाई रात्री कुंडीत फिरतात आणि त्यांना नेमकी मुळांची कोवळी टोके आवडतात. सकाळी टोक कुरतडलेले किंवा माध्यमावर चमकदार माग दिसला तर रात्री नऊ-दहानंतर विजेरी घेऊन पाहावे आणि वेचून काढाव्यात. काकडीची चकती कुंडीत ठेवली तर त्या तिच्याखाली गोळा होतात.

दुसरा शत्रू पिठ्या ढेकूण. तो डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाला गुंडाळलेल्या कागदासारख्या आवरणाआड आणि फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात दडतो. कापसाच्या काडीला ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिपावे आणि दर आठवड्याला पुन्हा पाहावे, कारण अंडी मागे उरतात. मुंग्या झाडावर चढउतार करताना दिसल्या तर ढेकूण आहेच असे समजून शोध घ्यावा.

आणि गाभ्यात पाणी राहू देऊ नये. पाणी सकाळीच द्यावे, गाभ्यात किंवा डेंड्रोबियमच्या उलगडणाऱ्या कोंबाच्या पेल्यात थेंब राहिले तर टिपकागदाच्या टोकाने टिपून घ्यावेत. इथल्या पावसात कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग तो थेंब आपोआप सुकेल या भरवशावर राहता येत नाही. खोलीत मंद पंखा फिरता ठेवल्यास फार फरक पडतो.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अनंत चतुर्दशी होऊन गेली, म्हणून सद्यःस्थिती कळवते. ते टोक मूळच निघाले. फॅलेनॉप्सिसची कुंडी बदलली, मेलेली मुळे काढली, आणि शोभेच्या भांड्यात आता खाली दगड घालून कुंडी उंच ठेवली आहे. ते मूळ माध्यमात शिरले असून त्याच्या शेजारी आणखी दोन फुटली आहेत. गाभ्यातून नवे पान येत आहे.

डेंड्रोबियमच्या दोन्ही कोंबांना मुळे आली आणि तेव्हाच त्यालाही विटांचे तुकडे व कोळसा घालून भोकांच्या मातीच्या कुंडीत लावले. एका कोंबाच्या सर्वांत कोवळ्या पानाचे टोक मात्र काळे पडले आहे. हा कुजण्याचा प्रकार आहे का? दोन्ही झाडांना मी पावसाचे आणि तो नसेल तेव्हा आरओचे पाणी घालते, खत म्हणून १९:१९:१९ देते.

निवृत्त_वनस्पतीशिक्षिका

तो काळा भाग बोटाने चाचपून पाहावा. तो ओलसर, मऊ असेल, त्याला दुर्गंधी येत असेल आणि एका दिवसात वाढलेला दिसत असेल, तर ती जिवाणूंची कूज आहे आणि निरोगी भागापर्यंत लगेच कापावे लागेल. तो कोरडा, कागदासारखा असून टोकापुरताच राहिला असेल, तर कॅल्शियमची उणीव अधिक संभवते. कॅल्शियम एकदा एका पानात बसले की झाडाला ते तिथून काढून दुसऱ्या पानाला देता येत नाही. त्यामुळे वाढ वेगाने चालू असताना बाहेरून पुरवठा झाला नाही, तर तोटा सर्वांत कोवळ्या पानाच्या टोकाला दिसतो, जुनी पाने मात्र हिरवीगार राहतात. पावसाचे पाणी आणि आरओचे पाणी, दोन्हींत कॅल्शियम नगण्य असते आणि तुमच्या खतातही ते नाही. पंचगंगा_शिवार यांनी सांगितलेले कॅल्शियम नायट्रेट दर पंधरा दिवसांनी द्यावे. काळे झालेले टोक परत हिरवे होणार नाही, पण पुढची पाने स्वच्छ येतील.

फॅलेनॉप्सिसच्या नव्या पानाकडेही लक्ष असू द्यावे. ते पूर्ण वाढल्यावर आधीच्या पानाएवढे किंवा त्याहून मोठे झाले, तर मुळांचे काम नीट चालले आहे. लहान राहिले तर उजेड किंवा मुळे, यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. पाने गर्द काळपट हिरवी असतील तर उजेड अपुरा आहे, पोपटी हिरवी असतील तर योग्य आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर पूर्वेच्या खिडकीतले ऊन एकदम प्रखर होते आणि पावसाळ्यात वाढलेल्या कोवळ्या पानाला ते सोसत नाही. नवरात्रीच्या सुमारास झाड खिडकीपासून फूटभर मागे घ्यावे किंवा पातळ पडदा लावावा.

रंकाळाकाठ

कॅल्शियमचा सल्ला लागू पडला, नंतरची पाने स्वच्छ आली. आता दिवाळी झाली आणि दोन नव्या गोष्टी दिसल्या. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्याकडून तिसऱ्या पानाच्या बेचक्यातून एक चपटे, खवल्यांचे टोक आले आहे आणि त्यामागे चंदेरी भाग नाही. शिवाय गेल्या वर्षीच्या हिरव्या दांड्याच्या वरच्या पेरावर दोन इवली पाने उलगडली आहेत. झाडाने नुकतीच मुळे धरली आहेत, त्याच्यावर एवढा भार पेलेल का? दांडा ठेवावा की काढावा?

शाहूपुरी_गच्ची

वर्णनावरून पहिला नक्कीच फुलांचा दांडा आहे. फॅलेनॉप्सिसला दांडा धरण्यासाठी काही आठवडे २६ अंशांखालची हवा लागते. कोल्हापुरात पावसाळ्यात दिवसाचे तापमान तेवढे उतरते आणि हिवाळ्यात रात्री चांगल्याच गार होतात. माझ्याकडे बहुतेक दांडे नवरात्रीपासून संक्रांतीपर्यंतच येतात. दांडा दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन ते चार महिने लागतात, तेव्हा होळीच्या आसपास फुलांची अपेक्षा ठेवावी.

या काळात कुंडीची दिशा बदलू नका. दांडा उजेडाकडे वळत जातो, कुंडी फिरवत राहिले तर तो वेडावाकडा होतो आणि कळ्या एका बाजूला मांडल्या जात नाहीत. तो वीतभर झाला की काडीला सैल बांधावा, आणि ते काम पाणी दिल्यानंतर लगेच करू नये, कारण पाण्याने ताठलेला दांडा वाकवताना मोडतो. कळ्या धरल्यावर त्या खोलीत फळे पिकत ठेवू नका. आपल्याकडे नेमकी त्याच सुमारास पहिल्या हापूसची पेटी घरात येते, आणि पिकणाऱ्या आंब्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

निवृत्त_वनस्पतीशिक्षिका

भार पेलण्याबद्दल माझे मत असे. आपल्या झाडाला जुनी पाच आणि पावसाळ्यातले एक अशी टणक पाने आहेत, मुळे वाढत आहेत, म्हणून दांडा ठेवावा. पाने दोन-तीनच असती आणि ती लुळी असती, तर मी दांडा लहान असतानाच काढायला सांगितले असते, कारण अशक्त झाड फुलांपायी स्वतःचा साठा संपवते. फुलांचा बहर महिनाभर पाहून दांडा कापला, तरी झाडाचा ताण बराच कमी होतो, हाही मधला मार्ग आहे.

पिल्लाची घाई करू नये. ते आईच्या दांड्यातून पाणी आणि अन्न घेत असते आणि जोवर तो दांडा हिरवा आहे तोवर त्याला धोका नाही. फक्त तो दांडा कापू नये. रोज सकाळी पिल्लाच्या बुडाशी पाण्याचा हलका फवारा द्यावा, गाभ्यात पाणी जाऊ न देता. आपल्याकडे फेब्रुवारीपासून हवा कोरडी होते आणि तेव्हा मुळे फुटायला वेळ लागतो, म्हणून बुडाभोवती ओलसर मॉसची पातळ चिमूट दोऱ्याने सैल बांधली तरी चालेल. दोन-तीन पाने आणि दोन-तीन इंचांची किमान तीन मुळे झाल्याशिवाय ते वेगळे करू नये. मुळे वेळेत आली तरी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते तोडू नये, पुढच्या मृगापर्यंत आईजवळच राहू द्यावे. तोडताना दांड्याचा इंचभर तुकडा दोन्ही बाजूंनी पिल्लाला ठेवावा आणि तीन इंची कुंडीत सोडणाचे बारीक तुकडे घालून लावावे. कोरडी मुळे वाकवताना तुटतात, म्हणून आधी ती दहा मिनिटे पाण्यात भिजवून घ्यावीत.

रंकाळाकाठ

दांडा ठेवते आहे, आणि कुंडी कोणी फिरवू नये म्हणून खिडकीच्या बाजूला तिच्यावर खडूने खूण केली आहे. पिल्लाला फवारा सुरू केला आहे, मुळे दिसली की इथेच लिहीन.